इमारत दुरुस्तीच्या निविदा : सर्वांत कमी रक्कम खरोखर कमी आहे का?

रानजाई (वर्तकनगर, ठाणे)

आमची गृहनिर्माण संस्था वर्तकनगरला आहे. खाली वाहनतळ आणि वर चार मजले अशा तीन विंग असून एकूण ४८ सदनिका आहेत. इमारत १९९३ सालची आहे, म्हणजे तिशी उलटलेली आहे, आणि त्यामुळे आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांप्रमाणे) दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घेणे आम्हांला भाग आहे (पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींना ती पाच वर्षांतून एकदा करावी लागते). यंदाच्या तपासणीत सल्लागार अभियंत्यांनी बाहेरचा गिलावा, कॉलम आणि बीमची दुरुस्ती व गच्चीचे जलरोधन ही तिन्ही कामे तातडीची ठरवली आहेत.

मी संस्थेची सचिव आहे आणि व्यवसायाने शिक्षिका आहे. आम्ही तीन कंत्राटदारांना इमारत दाखवून दर मागवले. पहिल्याने ४१ लाख रुपये सांगितले, जीएसटी वेगळा. दुसऱ्याने जीएसटीसह ५२ लाख ५० हजार. तिसऱ्याने ४७ लाख, जीएसटी वेगळा. बहुतेक सभासदांचे म्हणणे एकच आहे की पहिल्याचा आकडा इतका कमी असताना विचार कसला करायचा?

माझे मन मात्र धजत नाही. २०१६ च्या दुरुस्तीत आम्ही असाच सर्वांत स्वस्त माणूस निवडला आणि त्याला ४० टक्के रक्कम आगाऊ दिली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचे कामगार गावी गेले ते परतलेच नाहीत. गच्चीवरचा जुना कोबा उखडलेला होता आणि नवा घातलेला नव्हता. त्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या आठ घरांत पाणी गळत होते. आमच्या दिवाणखान्यात सहा बादल्या मांडलेल्या असत आणि रात्री दोन वाजता उठून त्या ओतून याव्या लागत. तेव्हा समितीत मी नव्हते, आज सही माझी असणार आहे. हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून नेमके वाचायचे कसे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

खाडीकाठ (ऐरोली)

रानजाईताई, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्याच्या खरेदी विभागात मी ३१ वर्षे काढली. पंप, व्हॉल्व्ह, पाइप, उभारणीची कंत्राटे, सगळे पाहिले. आपल्या तीन आकड्यांबद्दल मी एवढेच म्हणेन की ते आज तुलनेयोग्यच नाहीत. आम्ही दर आले की प्रथम तुलना तक्ता करत असू. आडव्या ओळीत कामाची एकेक बाब आणि उभ्या रकान्यांत प्रत्येक पुरवठादाराने त्या बाबीसाठी धरलेले परिमाण, दर आणि रक्कम. जीएसटी, वाहतूक, परांची, राडारोडा उचलणे, जे जे एकाने धरले आणि दुसऱ्याने वगळले ते सगळे समपातळीवर आणल्याशिवाय एकूण रकमेकडे पाहायचेच नाही, अशी आमच्या साहेबांची सक्त ताकीद असे.

आपण कृपया एक करा. तिन्ही पत्रकांत पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या भरणीने) करायच्या दुरुस्तीचे किती चौरस फूट धरले आहेत आणि त्याचा दर काय आहे, ते येथे लिहा. पहिल्याने काय वगळले आहे तेही, पत्रकाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत काही असेल तर त्यासह.

रानजाई

काका, आपण म्हणालात तसे पुन्हा वाचले. पहिल्याचे पॉलिमर मॉर्टर ६०० चौरस फूट, दर ४२० रुपये. दुसऱ्याचे २,३५० चौरस फूट, दर २९५. तिसऱ्याचे २,४०० चौरस फूट, दर ३१०. पहिल्याच्या पत्रकाच्या तळाशी दोन ओळी आहेत. ‘परांची व राडारोडा वाहतूक वेगळी आकारली जाईल’ आणि ‘प्रत्यक्ष परिमाणानुसार देयक आकारले जाईल’. आमच्या सल्लागारांच्या अहवालात पॉलिमर मॉर्टरचा अंदाज २,४०० चौरस फुटांचा आहे. अहवाल आम्ही कंत्राटदारांना दिला नव्हता. प्रत्येकाने स्वतः फिरून आपापले मोजले.

खाडीकाठ

मग उत्तर आपल्याच हातात आहे. हिशेब मांडून दाखवतो.

पहिल्याचे ४१ लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४८ लाख ३८ हजार झाले. आता परिमाण प्रत्यक्षात २,४०० निघाले तर १,८०० चौरस फूट वाढतील. ४२० च्या दराने त्याचे ७ लाख ५६ हजार आणि जीएसटी धरून ८ लाख ९२ हजार ८०. म्हणजे एकूण ५७ लाख ३० हजार ८० रुपये, आणि यात परांची नाही, राडारोडा नाही. तिसऱ्याचे ४७ लाख जीएसटीसह ५५ लाख ४६ हजार होतात. दुसऱ्याचे ५२ लाख ५० हजार आहेत तसेच राहतात. जो सर्वांत स्वस्त दिसत होता तोच सर्वांत महाग निघाला.

ज्या बाबीचे परिमाण वाढणार हे कंत्राटदाराला ठाऊक असते, त्या बाबीचे परिमाण कमी लिहायचे आणि दर चढा लावायचा, ही या धंद्यातली जुनी चाल आहे. या कंत्राटदाराने मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. कदाचित त्याने जमिनीवरून मान वर करून पाहिले आणि अंदाज बांधला असेल. पण आपल्या खिशाला दोन्हींचा परिणाम सारखाच.

म्हणून आलेले तिन्ही दर बाजूला ठेवा. सल्लागारांकडून परिमाणपत्रक तयार करून घ्या, बाबींचे वर्णन, एकक आणि परिमाण सर्वांना एकच द्या, आणि कंत्राटदाराने त्यात फक्त दराचा रकाना भरावा. वाईट वाटून घेऊ नका. खरेदीतला दोष नव्याण्णव वेळा भाव ठरवताना झालेला नसतो, काय विकत घ्यायचे ते आपणच नीट न लिहिल्याने झालेला असतो.

उथळसर

एवढा खटाटोप कशाला? आमच्या सोसायटीने ओळखीच्या माणसाला काम दिले, तो रोज समोर दिसतो, काही बिघडले तर बोलावता येते. विश्वास हीसुद्धा एक गोष्ट असते.

जमाखर्च (कोपरखैरणे)

उथळसर, विश्वास जरूर असावा, पण ४८ कुटुंबांचे पैसे खर्च करताना त्याला कागदाची जोड लागते. समितीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो याची मर्यादा उपविधींत सभासदसंख्येप्रमाणे दिलेली असते. त्यापलीकडच्या दुरुस्तीला सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि निविदा लागतात. शिवाय समिती सदस्याचा त्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असता कामा नये. ‘ओळखीचा माणूस’ कोणाच्या ओळखीचा, हा प्रश्न लेखापरीक्षक विचारणारच.

रानजाईताई, हिशेबाच्या बाजूने काही गोष्टी आत्ताच करून ठेवा. संस्थेकडे टॅन (करकपातीसाठी लागणारा खाते क्रमांक) आहे का ते पाहा, कारण कंत्राटदाराच्या देयकातून करकपात करावी लागेल. कंत्राटदार एकटी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का, भागीदारी वा कंपनी असेल तर २ टक्के, आणि पॅन दिला नाही तर थेट २० टक्के. सल्लागार अभियंत्यांच्या व्यावसायिक शुल्कावर १० टक्के. पैसा कुठून येणार हेही सभेपुढे आधीच मांडा. बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरसाल दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीच्या राखीव निधीत) जमा व्हावा असे उपविधी सांगतात, पण जुन्या संस्थांमध्ये तो बांधकाम खर्च १९९३ च्या भावाने धरलेला असतो. त्यामुळे निधी भरलेला दिसतो आणि कामाला पुरत नाही. उरलेली रक्कम सभासदांकडून हप्त्यांनी घ्यायची तर ते हप्ते कामाच्या देयकांच्या तारखांशी जुळले पाहिजेत. नाहीतर कंत्राटदाराचे देयक आले आणि संस्थेच्या खात्यात पैसे नाहीत, अशी वेळ येते.

नेरूळकर (नेरूळ)

मी संरचना अभियंता असून वाशी-नेरूळ भागातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर अनेक वर्षे देखरेख केली आहे. खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत सळई गंजण्याचा वेग जास्त असतो. गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट आतून ढकलून फोडते. म्हणून बाहेरून एक चीर दिसते आणि ठोकल्यावर तिच्याभोवतीचा हातभर भाग सैल निघतो. परिमाण वाढते ते यामुळे, आणि प्रामाणिक परिमाणपत्रकातही ते शंभर टक्के अचूक कधी येत नाही.

मग उपाय काय? एक तर परिमाणपत्रक बनवण्यापूर्वी अभियंत्याने दोरीच्या झुल्यावरून किंवा निदान गच्ची आणि खिडक्यांमधून प्रत्येक दर्शनी भाग हातोडीने ठोकून पाहावा. चांगला गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. काही कॉलमांवर थोडे कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) काढून ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फथॅलिनचे द्रावण फवारावे. जिथे ते गुलाबी होते तिथल्या काँक्रीटची अल्कधर्मिता टिकून आहे आणि सळईला संरक्षण आहे, जिथे रंग येत नाही तिथे ते संरक्षण संपलेले आहे. दुसरे म्हणजे, करारात लिहावे की परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढले वा घटले तर दर तोच राहील आणि त्यापुढे दोघांनी बसून दर ठरवायचा. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सैल भाग तोडण्याआधी अभियंता, कंत्राटदार आणि संस्थेचा प्रतिनिधी या तिघांनी तो रंगाने आखायचा, लांबी-रुंदी मोजायची आणि मोजमाप वहीत त्याच क्षणी तिघांच्या सह्या घ्यायच्या. एकदा गिलावा चढला आणि वर रंग लागला की आत २ चौरस फूट भरले की १२, हे कोणीही सांगू शकत नाही.

साहित्याचे वर्णनही ‘उत्तम प्रतीचे’ असे कधीच लिहू नका. सिमेंटचा प्रकार, सळईसाठी आयएस १७८६ हे भारतीय मानक आणि तिची प्रत, पॉलिमरचे उत्पादन आणि सिमेंटच्या वजनाच्या प्रमाणात त्याची मात्रा, मॉर्टरची जाडी, किती थरांत, मध्ये किती तास. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचायला रखवालदाराला शिकवा. तीन महिन्यांहून जुने सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये.

खाडीकाठ

नेरूळकरांच्या सांगण्याला कारखान्यातली एक सवय जोडतो. पॉलिमर २० लिटरच्या डब्यांत येते. अमुक इतक्या क्षेत्राला अमुक इतके डबे लागणारच, हे गणित आधी करून ठेवा. रिकामा डबा संस्थेच्या आवारातच ठेवायचा, त्यावर मार्करने तारीख आणि विंग लिहायची, आणि त्या भागाचे देयक मंजूर होईपर्यंत एकही डबा फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही. काम बाराशे फुटांचे आणि डबे निम्मेच, असे दिसले की विचारणा करायला वादाची गरज पडत नाही.

निवडीबद्दलही सांगतो. निविदा दोन लिफाफ्यांत मागवा. पहिल्यात अनुभव, केलेली कामे, कामगारांचा विमा, अटींची मान्यता. दुसऱ्यात फक्त दर. पहिल्या लिफाफ्यात जो बसत नाही त्याचा दुसरा लिफाफा उघडायचाच नाही. पण त्यासाठीचे निकष निविदा मागवतानाच लिहून द्यायला हवेत. दर पाहिल्यावर सुचलेला निकष हा निकष नसतो, ती सबब असते.

गवंडी_दुसरी_पिढी (कळवा)

मी स्वतः दुरुस्तीची कामे घेतो. माझे वडील गवंडी होते. येथे कंत्राटदारावर नजर कशी ठेवायची यावर बरेच लिहिले गेले आणि ते योग्यच आहे, पण आमची बाजूही मांडू द्यावी.

ज्या आगाऊ रकमेमुळे रानजाईताईंचे नुकसान झाले, ती आम्ही का मागतो? परांचीचे बांबू, पहिल्या खेपेचे साहित्य आणि कामगारांची पहिल्या पंधरवड्याची मजुरी हे सर्व काम सुरू होण्याआधी लागते. कामगाराला दर आठवड्याला खर्ची द्यावी लागते, तो देयकाची वाट पाहत थांबू शकत नाही. एका संस्थेत माझे चालू देयक दोन महिने अडकले होते, कारण अध्यक्ष परदेशी मुलीकडे गेले होते आणि धनादेशावर त्यांची सही लागत होती. त्या दोन महिन्यांत माझे अकरा कारागीर दुसऱ्या कामावर गेले आणि संस्थेने मला विलंबाचा दंड लावला. अशी संस्था आहे असे दिसले की पुढच्या वेळी आम्ही दरातच तो धोका धरून ठेवतो. म्हणजे उशिराने पैसे देणारी संस्था शेवटी जास्तच पैसे देते.

माझी सूचना अशी की आगाऊ रक्कम १० टक्क्यांच्या आसपास ठेवा, ती शक्यतो बँक हमीवर द्या आणि पुढच्या प्रत्येक देयकातून समान वळती करा. मोजणी झाल्यापासून सात दिवसांत चालू देयक द्यायचे, हे करारात संस्थेवरही बंधनकारक करा. प्रत्येक देयकातून ५ टक्के अनामत राखून ठेवा आणि ती दोष-दायित्वाचा काळ (निघालेले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत) संपल्यावर परत करा. चांगला कंत्राटदार याला नाही म्हणत नाही. पाणी, वीज आणि साहित्य ठेवायला बंद जागा कोण देणार हेही लिहा. आणि होळी, मेमधले गावचे लग्नसराईचे दिवस, दिवाळी, यांचा विचार करून वेळापत्रक आखा. मुंबई परिसरात मान्सूनच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. गच्ची १५ मेच्या आत बंद होत नसेल तर ती त्या वर्षी उघडूच नका.

उथळसर

हे शेवटचे वाक्य पटले. आमच्या गच्चीचे काम ओळखीच्या माणसाने एप्रिलअखेर सुरू केले आहे. आज संध्याकाळी समितीशी बोलतो.

रानजाई (पाच महिन्यांनंतर)

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, म्हणून पुढे काय झाले ते सविस्तर कळवणे माझे कर्तव्य आहे.

सल्लागारांनी तीन रविवार खर्चून तिन्ही विंग ठोकून पाहिल्या आणि ७४ बाबींचे परिमाणपत्रक दिले. आम्ही त्याच तीन कंत्राटदारांना नव्याने निविदा दिल्या. निकष आधीच लिहिले होते आणि त्यांतला एक असा होता की कंत्राटदाराने केलेली आणि किमान दोन पावसाळे पाहिलेली तीन कामे आम्हांला प्रत्यक्ष दाखवावीत. दुसऱ्या कंत्राटदाराला एकच दाखवता आले. त्याचा दराचा लिफाफा आम्ही लाखेच्या सीलसह जसाच्या तसा परत केला. यावरून सभेत पुष्कळ गदारोळ झाला. ‘पहिल्या फेरीत ५२ लाख ५० हजार सांगणारा माणूस तुम्ही हाताने घालवला’ असे मला ऐकवण्यात आले. ते ऐकणे सोपे नव्हते, आणि त्याचा दर या वेळी काय होता हे आम्हांला कधीच कळणार नाही. पण निकष सभेनेच मंजूर केला होता आणि कंत्राटदाराने तो वाचून सही केली होती.

उरलेले दोन लिफाफे संस्थेच्या कार्यालयात वीस-बावीस सभासदांसमोर उघडले. पहिल्या कंत्राटदाराच्या पत्रकात एका दरावर व्हाइटनर लावलेला होता. कोषाध्यक्षांनी त्या आकड्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढले, शेजारी शब्दांत रक्कम लिहिली आणि हजर असलेल्या दोघांच्या त्यावर सह्या घेतल्या. प्रत्येक पानावर तसेच केले. परिमाणे समान झाल्यावर, परांची, राडारोडा आणि जीएसटी सर्व धरून, पहिल्याचे ५४ लाख ९० हजार झाले आणि तिसऱ्याचे ५३ लाख ४० हजार. पहिल्या फेरीतल्या ४१ लाखांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. काम तिसऱ्याला दिले.

आगाऊ रक्कम १० टक्के दिली आणि धनादेशावर सही करणारी तिसरी व्यक्ती ठरावाने नेमली, हे गवंडीदादांमुळे सुचले. आजवरची तीन देयके सहाव्या-सातव्या दिवशी गेली आहेत. जमाखर्च यांनी सांगितले म्हणून पाहिले, तर टॅन होता, पण कोणाच्या नावे नोंदणी आहे ते कुणालाच ठाऊक नव्हते. तो घोळ निस्तरायला पंधरा दिवस गेले.

‘अ’ विंगमध्ये पॉलिमर मॉर्टरचे परिमाण अंदाजापेक्षा १९ टक्के जास्त निघाले. जिन्याच्या मागच्या कॉलमवर चीर बोटाएवढी होती आणि तोडल्यावर सळईचा पापुद्रा हातात आला. तिथे मी स्वतः उभी होते. निळ्या रंगाने आखलेली चौकट, टेप धरलेला मुकादम, आणि वहीत ‘३ फूट २ इंच × १ फूट ४ इंच’ लिहून खाली तीन सह्या. वाढ २५ टक्क्यांच्या आत असल्याने दर तोच राहिला. ‘ब’ विंगमध्ये एकदा १४ डबे अपेक्षित असताना ९ च निघाले. विचारल्यावर मुकादमाने दोन दिवसांचे मिश्रण कमी मात्रेने झाल्याचे मान्य केले आणि तेवढा भाग तोडून पुन्हा भरून दिला. कंत्राटदारांनी त्याबद्दल कटकट केली नाही, हेही नोंदवते.

गच्ची आम्ही यंदा उघडली नाही. पावसाळ्यापुरते ताडपत्रीवर भागवले आणि ते काम दिवाळीनंतरवर ठेवले, कारण तारखा जुळत नव्हत्या. चौथ्या मजल्यावरचे लोक नाराज आहेत आणि त्यांची नाराजी मला समजते, कारण मीही त्यांच्यातलीच आहे. या पावसात आमच्याकडे दोन बादल्या लागल्या.

नेरूळकर, एक विचारायचे आहे. ‘क’ विंगची मोजणी येत्या रविवारी सकाळी आठला आहे आणि तिथे दोन छज्जे असे आहेत की जे परिमाणपत्रकात आलेच नाहीत. ती नवी बाब म्हणून दर ठरवावा, की छज्ज्यांच्या जवळच्या बाबीचा दर लावावा?

नेरूळकर

जवळच्या बाबीचा दर लावा, पण छज्ज्याचे तळ, वरचा भाग आणि कड वेगवेगळी मोजा, कारण परिमाणपत्रकात त्या बहुधा एकत्र धरलेल्या असतात. सैल भाग तोडण्याआधी छायाचित्र काढून त्यावर टेप दिसेल असे पाहा. रविवारी मी ठाण्यातच आहे. साडेआठपर्यंत येऊन जातो.